हरणाला घातलेली साद

यंदाच्या अंकाचे सूत्र 'हाक' असे ठरले असून त्याला अनुसरून आपण काही लिहून पाठवावे, अशा आशयाचे संपादकांचे पत्र आले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वासुदेवाची, फेरीवाल्याची किंवा दिवेलागणीला मुलांना घरात बोलावणाऱ्या आईची हाक असावी. परंतु ते पत्र हाती पडले त्या वेळी आम्ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरी, पुतण्याच्या घरी मुक्कामाला होतो. आणि हा पुतण्या, जो दिवसभर संगणकासमोर बसून एका विमा कंपनीचे हिशेब सांभाळतो, तो रात्रीची जेवणे आटोपली की तळघरात जाऊन एका काळ्या नळीतून असा काही आवाज काढण्याचा अभ्यास करीत असे, की गाढ झोपेतल्या माणसाने कूस बदलताना दिलेल्या हुंकाराचीच आठवण व्हावी. चौकशी केली तेव्हा कळले, की ही हरणाला घालावयाची हाक आहे. नोव्हेंबर लागला होता, धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा त्याचा परवाना खिशात होता, आणि शहराच्या पश्चिमेस असलेल्या टेकड्यांतील एका दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्याने त्याला आपल्या रानात बसण्याची मुभा दिली होती. "काका, ऐकायचंच असेल तर रानात चला, इथे ऐकून काही कळणार नाही," असे तो म्हणाला, आणि अंकाचा विषय आपल्या पायांनी चालत घरी आला आहे, हे ओळखून मी होकार दिला.

नळी, डबी आणि गळलेली शिंगे

या विद्येची सामग्री पाहिली तर ती खेळण्यांच्या दुकानातून आणल्यासारखी वाटते. मुख्य आयुध म्हणजे ती नळी: तिच्या तोंडाशी प्लास्टिकची एक पातळ जीभ बसविलेली असते, आणि जिभेवरचे रबरी वळे मागेपुढे सरकविले की तिचा थरथरणारा भाग लांब किंवा आखूड होऊन, त्याच फुंकरीतून कधी पाडसाचा बारीक स्वर, कधी तरुण नराचा, तर कधी वयस्क नराचा खर्जातला हुंकार उमटतो. दुसरे साधन म्हणजे मुठीत मावणारी एक डबी. ती उलटी केली की आतले वजन हळूहळू खाली सरकते, कोंडलेली हवा एका पट्टीवरून बाहेर पडते आणि माजावर आलेल्या मादीचे लांबट 'बें' ऐकू येते. तिसरे साधन मात्र हरणानेच दिलेले असते. आपल्या चितळ-सांबरांप्रमाणे तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगेही दरवर्षी गळतात व नव्याने उगवतात. रानात सापडलेली अशी जोडी हाती घेऊन ती एकमेकांवर आपटावयाची, घासावयाची, पीळ देऊन अडकवावयाची, म्हणजे झुडपाआड दोन नर झुंजत आहेत असा भास निर्माण होतो.

या साऱ्याचे प्रयोजन धनुष्याच्या मर्यादेत आहे. बंदुकीची गोळी दोनशे मीटरांवरचे हरिण सहज गाठते, त्यामुळे बंदूकवाल्याला हाक मारण्याची फारशी निकड नसते. बाण सोडणाऱ्याला मात्र हरिण वीस-पंचवीस मीटरांच्या आत यावे लागते. त्याहून दूरचा बाण जनावराला जखमी करून सोडतो, आणि तसे करणे या मंडळींत नामुष्कीचे समजले जाते. शत्रूची चाहूल घेण्यातच ज्याचे आयुष्य जाते, त्या प्राण्याने एवढे अंतर आपणहून तोडावे, असे वाटत असेल तर त्याला तसे करण्यास काही कारण पुरविले पाहिजे. आणि ते कारण पुरविणे, हेच हाकेचे काम.

मचाणावरची सकाळ

विस्कॉन्सिनचा नैऋत्य भाग हिमयुगातील बर्फाच्या तावडीतून सुटला, त्यामुळे सभोवारचा मुलूख सपाट असताना येथे मात्र अरुंद दऱ्या, चुनखडीचे कडे आणि ओकवृक्षांनी झाकलेली टेकाडे टिकून राहिली आहेत. माथ्यावर मक्याची कापलेली शेते, उतारावर ओक आणि हिकरी, तळाशी ओहोळ: हरणांना चरावयास, लपावयास व पाणी प्यावयास याहून सोयीचा इलाखा शोधून सापडणार नाही. पहाटेच्या अंधारात, ओठ बधिर करणाऱ्या थंडीत, आम्ही त्या उतारावरील एका झाडाला टेकवून बांधलेल्या दोन माणसांच्या मचाणावर चढलो. पुतण्याने प्रथम माझ्या छातीभोवतीचा पट्टा खोडाला अडकविला, कारण या शिकारीत माणसाला खरा धोका जनावराकडून नसून उंचीकडून असतो. मग त्याने खिशातून रेशमासारखे काही काढून हवेत सोडले. ती होती रुईची म्हातारी. तिकडे उगवणारी मिल्कवीड ही वनस्पती रुईच्याच कुळातली, आणि तिचे तंतू वाऱ्याची बारीकसारीक वळणे जितक्या प्रामाणिकपणे दाखवितात, तितक्या प्रामाणिकपणे कोणतेही यंत्र दाखवीत नाही, असे शिकारी सांगतात. ते तंतू आमच्या पायांखालून दरीकडे वाहत गेले. रात्रभर गार झालेली जड हवा पहाटे उताराने खाली उतरते, आणि ऊन तापू लागले की तीच हवा उलटून माथ्याकडे चढते. म्हणून मचाण कोठे बांधावे आणि हाक किती वाजेपर्यंत घालावी, याचा निर्णय कानाने नव्हे, तर या हवेच्या फेऱ्याने होतो.

उजाडल्यानंतर बऱ्याच वेळाने पुतण्याने शिंगे उचलली. मिनिट-दीड मिनिट त्याने त्यांचा असा काही दणका उडवून दिला, की शांत रानात ते मला असभ्यपणाचे वाटले. शिवाय दोरीला बांधून खाली सोडलेली वाळकी फांदी तो मधूनमधून पाचोळ्यावर आपटीत होता, कारण खऱ्या झुंजीत जमीन उकरली जाते, काटक्या मोडतात, आणि नुसती शिंगे वाजली तर ऐकणाऱ्याला काहीतरी उणे वाटते. मग शांतता. एक खार आली, गेली. पुन्हा काही काळाने नळीतून तीन हुंकार, आणि पुन्हा दीर्घ शांतता. या शांततेतच खरी करामत आहे, हे मला हळूहळू उमगले. नवशिक्या शिकारी थोडक्या वेळात इतके आवाज काढतो, की रानातल्या साऱ्या हरणांनी मिळून तेवढे काढले नसते.

आला तो एक कोवळ्या शिंगांचा, वर्ष-दीड वर्षाचा नर. तो सरळ आला नाही. आवाजाची जागा त्याने दुरूनच अचूक हेरली, आणि मग तिला लांबून वळसा घालून तो उताराच्या खालच्या अंगाला, म्हणजे जिकडे आमच्या अंगावरची हवा वाहत होती तिकडे, गेला. तेथे त्याने मान उंच केली, पुढचा एक पाय दोनदा जमिनीवर आपटला, नाकातून जोराचा फूत्कार टाकला आणि शेपटीचे पांढरे निशाण उभारून तो दिसेनासा झाला. कानाने त्याला बोलाविले होते. नाकाने त्याला परत पाठविले.

पुढे दोन घटकांनी जे दिसले ते अधिक बोधप्रद होते. रुंद शिंगांचा, जाड मानेचा एक प्रौढ नर एका मादीच्या मागोमाग समोरच्या टेकाडावरून चालला होता. पुतण्याने नळी फुंकली, डबी उलटी केली, शेवटी प्रतिस्पर्ध्याला आव्हान देणारा फूत्कार तोंडानेच काढला. नराने एकदा आमच्याकडे पाहिले, आणि ज्याचे काम आधीच झाले आहे अशा गृहस्थाने दारावरच्या विक्रेत्याकडे पाहावे तसे पाहून तो मादीच्या मागे निघून गेला. "त्याला जे हवं ते त्याच्यापुढे चाललंय, काका," पुतण्या म्हणाला, "आता साक्षात इंद्राने बोलावलं तरी तो यायचा नाही."

हरणांच्या संसारातील आवाज

सामान्य समजूत अशी की हरिण हा मुका प्राणी. परंतु जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पांढऱ्या शेपटीच्या या एका जातीच्या आवाजांचे बारा प्रकार वर्णिले आहेत. धोक्याचा फूत्कार आणि संकटात सापडल्याची किंकाळी हे त्यांतले सर्वांना ऐकू येणारे प्रकार. उरलेल्यांपैकी बहुतेक मात्र घरगुती आहेत. पाडसाला दूध पाजावयास बोलावणारा आईचा हलका हुंकार, दूध पिताना पाडसाने काढलेली कुरकुर, आई दिसेनाशी झाल्यावर त्याने फोडलेला बें-बें. कळपातून वेगळे पडल्यावर मादीने केलेली पृच्छा. नराचा दरारा दाखविणारा एकेरी हुंकार, मादीच्या मागावर असताना पावलागणिक उमटणारी हुंकारांची माळ, आणि झुंजीपूर्वीची अखेरची ताकीद म्हणून आधी तुटक व शेवटी लांब ओढलेला नाकातला सुस्कारा.

यांतील नराचे आवाज वर्षभर ऐकू येत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाचे मान घटते, त्याचा परिणाम मेंदूतील ग्रंथींवर होतो, नराच्या शरीरातील पुरुषरस वाढतो, शिंगांवरची मखमल वाळून गळते आणि मान फुगते. उत्तरेकडील राज्यांत हा माज नोव्हेंबरच्या मध्यास शिगेला पोहोचतो. मादी एका वेळी दिवस-दोन दिवसच माजावर असते, गर्भकाल सुमारे दोनशे दिवसांचा असतो, आणि त्यामुळे पाडसे मे-जूनमध्ये, गवत कोवळे असताना, जन्माला येतात. निसर्गाने मुहूर्त एवढा आखूड ठेवला असल्यामुळेच त्या काळात नर एरवीची सावधगिरी गुंडाळून ठेवतो. शिकाऱ्याची हाक या मुहूर्ताच्या पंधरवड्यात, त्यातही मादी अजून हाती लागलेली नाही अशा अस्वस्थ नरावर, सर्वांत अधिक चालते.

टेक्सासमधील एक कसोटी

शिकाऱ्यांच्या कथांवर विसंबून राहू नये, हा धडा साऱ्या जगात सारखाच आहे. म्हणून १९९०नंतरच्या काही वर्षांत दक्षिण टेक्सासमधील वेल्डर वन्यजीव आश्रयस्थानात मिकी हेलिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिंगांच्या खडखडाटाची पद्धतशीर परीक्षा केली. एक माणूस जमिनीवर लपून शिंगे वाजवी, दुसरा उंच मनोऱ्यावर बसून काय येते ते टिपून घेई. अशा १७१ बैठकींत १११ नर आले. मोठ्याने वाजविले असता हळू वाजविण्याच्या मानाने सुमारे तिप्पट नर आले. किती वेळ वाजविले याला मात्र विशेष महत्त्व नव्हते. सर्वाधिक प्रतिसाद माज शिगेला असताना मिळाला, आणि बरेचसे नर वाऱ्याच्या खालच्या अंगाने आले, जसा आमचा तो कोवळा नर आला होता.

या प्रयोगाचा सर्वांत मार्मिक भाग मनोऱ्यावरच्या माणसाचा आहे. जमिनीवरच्या वाजविणाऱ्याला जे नर कधी दिसलेच नाहीत, असे कित्येक त्याला वरून दिसले. ते आले, झुडपांआडून पाहून, हुंगून, खात्री न पटल्यामुळे आले तसे परत गेले. "आज काहीच आले नाही," असे म्हणत घरी परतणाऱ्या शिकाऱ्यांच्या पाठीमागे किती हरणे उभी असतील, याचा अंदाज यावरून करावा. तथापि टेक्सासची ही फलश्रुती सर्वत्र लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या आश्रयस्थानात प्रौढ नरांची संख्या भरपूर होती आणि मादीसाठी चुरस होती. जेथे माद्या पुष्कळ आणि वयस्क नर थोडे, तेथे झुंजीचा आवाज ऐकून धावत येण्याचे नराला कारणच उरत नाही.

भूर्जत्वचा, शंख आणि खडावा

ही विद्या अमेरिकेतल्या दुकानांत जन्मली, असे मात्र समजू नये. कॅनडाच्या पूर्वेकडील मिगमाक आणि इतर मूलनिवासी लोक भूर्जवृक्षाच्या सालीचा कर्णा करून त्यातून मूस या महाकाय हरणाच्या मादीचा विलाप काढीत आले आहेत. जर्मनीत लाल हरणाच्या नराची डरकाळी बैलाच्या शिंगातून, काचेच्या नळकांड्यातून, वनस्पतीच्या पोकळ देठातून किंवा मोठ्या समुद्रशंखातून काढतात, आणि डॉर्टमुंड येथील शिकारविषयक प्रदर्शनात तिची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तेथे स्पर्धकाला सरसकट ओरडून भागत नाही, तर कळप राखणारा नर वेगळा आणि प्रतिस्पर्ध्याला भिडणारा वेगळा, असे प्रसंग आवाजाने उभे करावे लागतात. त्याच देशात रो नावाचे लहान हरिण उन्हाळ्याच्या ऐन भरात बीच वृक्षाचे पान ओठांत धरून, शीळ घालून बोलावितात. जपानमधील ऐनू लोक लाकडाच्या तुकड्यावर पातळ कातडे ताणून मादीचा आवाज काढीत. चौदाव्या शतकातील जपानी भिक्षू केन्को याने तर अशी लोकसमजूत नोंदवून ठेवली आहे, की स्त्रीच्या खडावांच्या लाकडाची बासरी केली तर शरदातील हरिण तिच्या आवाजाला आल्यावाचून राहत नाही. आणि हे त्याने लिहिले ते वासनेच्या बळाविषयी सांगताना.

नादाला भुललेला मृग

वासनेचे नाव निघाले की मराठी वाचकाला दुसरे एक हरिण आठवल्याशिवाय राहणार नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची जी कथा यदुराजाला सांगितली, तिच्यात व्याधाच्या गीताला भुलून पाशात सापडणारा मृग हाही एक गुरू आहे, आणि त्याच्या पाठोपाठ हरिणीपुत्र ऋष्यशृंगाचा, म्हणजे स्त्रियांच्या गायनवादनाने वश झालेल्या तपस्व्याचा, दाखला आहे. एकनाथांनी या स्कंधावर काशीत मराठी टीका पूर्ण केली, आणि तेव्हापासून कीर्तनकारांच्या मुखातून हा नादलुब्ध मृग गावोगाव पोहोचला. अबुल फजलने अकबराच्या शिकारींचे वर्णन करताना 'घंटाहेरा' नावाची जी पद्धत सांगितली आहे, तीही याच चालीवरची: पालथ्या ढालीच्या किंवा टोपलीच्या आड दिवा ठेवावयाचा, घुंगरू वाजवावयाचे, आणि प्रकाश व नाद यांच्या ओढीने जवळ आलेल्या जनावरांना दबा धरून बसलेल्यांनी मारावयाचे, काही जण तर गाणे गाऊनच त्यांना जवळ आणीत. बादशहाला ही रीत पसंत नव्हती, असेही तो नमूद करतो.

विस्कॉन्सिनच्या उतारावर जे पाहिले त्यावरून मला वाटते, की अवधूताचा उपदेश खरा आहे, परंतु हरणाची बाजू त्यात पुरती मांडली गेलेली नाही. हरिण तेथे नादाच्या माधुर्यासाठी आले नव्हते; त्या शिंगांच्या खडखडाटात माधुर्य ते कसले? ते आले एका बातमीच्या शोधात: येथे कोणीतरी मादीसाठी भांडत आहे, म्हणजे जवळपास मादी आहे. बातमी त्याच्या गरजेची नव्हती, तेव्हा तो रुंद शिंगांचा नर फिरकला नाही; बातमी गरजेची होती, तेव्हा कोवळा नर आला, पण दुसऱ्या साक्षीदाराची, म्हणजे वाऱ्याची, जबानी घेतल्यावाचून त्याने विश्वास ठेवला नाही. हाक मारणाऱ्याचे यश त्याच्या स्वरात फार थोडे असते. कोणते हरिण, कोणत्या आठवड्यात, कोणत्या उतारावर, कशाच्या प्रतीक्षेत आहे, हे जाणण्यात ते असते. आणि हे जाणण्यासाठी माणसाला हरणांच्या संसारात इतके खोल शिरावे लागते, की पुष्कळ जुने शिकारी मारण्यापेक्षा पाहण्यातच अधिक रमू लागतात. आमचा यजमान शेतकरी त्यांतलाच निघाला. "माझ्या फ्रीजला एक हरिण पुरतं," तो चहाच्या वेळी म्हणाला, "पण मचाणावर मी सारा हंगाम बसतो."

परवान्याच्या अटी

फसवणूक कोठवर करावी, याची सरहद्द तिकडे कायद्याने आखली आहे, आणि ती पाहण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार कत्तलीमुळे साऱ्या देशात पांढऱ्या शेपटीची जेमतेम पाच लाख हरणे उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात मांसविक्रीला बंदी झाली, हंगामाच्या मुदती ठरल्या, आणि १९३७च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवरक्षणाच्या खात्यात जाऊ लागला. पुढे धनुष्यबाणांवरही तसाच कर बसला. लांडगा आणि प्यूमा यांना माणसाने हटविल्यामुळे हरणे अन्नापलीकडे वाढू शकतात, हे विस्कॉन्सिनचेच वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी कळकळीने मांडले. परंतु १९४३ साली तेथे शिंगे नसलेल्या हरणांचीही शिकार खुली झाली, तेव्हा लोकांचा रोष त्यांनाही सोसावा लागला.

या व्यवस्थेत तोंडाने किंवा हाताने काढलेली हाक ग्राह्य, परंतु ध्वनिमुद्रित हाक यंत्रावर वाजविणे हरणाच्या शिकारीत कित्येक राज्यांनी निषिद्ध ठरविले आहे. खाद्य टाकून हरणे गोळा करणे, विस्कॉन्सिनच्या ज्या जिल्ह्यांत हरणांचा मेंदू पोखरून त्यांना झिजवीत नेणारा रोग पसरला आहे तेथे बंद आहे, कारण एकाच ढिगात अनेकांची लाळ मिसळली की रोगाला वाट मिळते. यांतील पहिल्या कलमामागचा विचार मात्र वेगळा दिसतो. यंत्राला दम लागत नाही, चूक होत नाही, गप्प कधी राहावे हे शिकावे लागत नाही. जे कौशल्य मिळविण्यास वर्षे लागतात, त्यातच जनावराला सुटकेची संधी आहे, आणि ती संधी विकत घेता येऊ नये, असा कायद्याचा हेतू असावा. अकबराची नापसंती आणि हे कलम यांच्या दरम्यान चार शतके गेली, पण प्रश्न तोच आहे.

खोट्या हाकेचा खर्च

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा अध्याय मिटला. ताडोबातील वाटाड्या चितळाचा 'कॉल' ऐकून वाघाचा माग सांगतो, म्हणजे आता आपण हरणाला बोलावीत नाही, हरणाचे बोलणे ऐकतो, असे समाधान मानता येईल. परंतु ते पुरते खरे नाही. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज भ्रमणध्वनीवर वाजवून त्याला छायाचित्रासाठी समोरच्या फांदीवर आणण्याची रीत आपल्या जंगलांतही आहे, आणि तसे करणाऱ्याला आपण कोणाचे काही घेतले असे वाटत नाही, कारण त्याच्या हाती बंदूक नसते.

माजाच्या हंगामात नर हरिण खाणेपिणे विसरून आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक गमावतो, आणि तशा खंगलेल्या देहाने त्याला उत्तरेचा हिवाळा काढावयाचा असतो. खोट्या झुंजीकडे घेतलेली प्रत्येक धाव त्याच तुटपुंज्या गंगाजळीतून खर्ची पडते. घरट्याचे रक्षण सोडून नसलेल्या शत्रूवर धावणाऱ्या पक्ष्याचेही तेच. शिकारी निदान परवाना काढतो, मुदत पाळतो, आणि हरिण मारले तर सरकारदप्तरी त्याची नोंद करतो. ज्याच्या हाकेने काही मरत नाही त्याच्याकडे असला कोणताही हिशेब मागितला जात नाही; आणि म्हणूनच तो त्याने स्वतःहून ठेवला पाहिजे, कारण बाण सुटो वा न सुटो, आलेल्या जनावराने हाकेचे मोल आधीच चुकते केलेले असते.